जातिवंत कुत्र्याचं पिल्लू विकत घेताय, किंवा घेऊन फसलाय? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कल्याण-डोंबिवली, वाशी, खारघर, पनवेल या पट्ट्यातून लॅब्रॅडॉर, शिह त्झू, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड घेणाऱ्यांच्या तक्रारी साधारण एकाच साच्याच्या असतात. पिल्लू चार दिवसांत आजारी पडलं, वंशावळीचे पेपर मिळालेच नाहीत, दाखवलं एक आणि दिलं दुसरंच, टोकन घेऊन माणूस गायब झाला. यातली बहुतेक प्रकरणं तक्रारदार हरतो ते कायदा कमी पडल्यामुळे नाही. पैसे देताना हातात एकही कागद घेतलेला नसतो आणि पिल्लाची आई कुणी पाहिलेली नसते, म्हणून हरतो. त्यामुळे खालची अर्धी उत्तरं पैसे देण्याआधीची आहेत. ती आधी वाचा.

ब्रीडर प्रामाणिक आहे हे ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण कोणती?

पिल्लू जिथे जन्मलं त्या जागी, त्याच्या आईजवळ बघायला मिळणं. वेबसाइट, इन्स्टाग्रामवरचे फोटो, शोमधले कप हे सगळं त्यानंतर.

आई बघताना नेमकं काय बघायचं तेही सांगतो, कारण भलतीच मादी आणून "हीच आई" म्हणून दाखवली जाते. सहा-आठ आठवड्यांपूर्वी व्यालेल्या मादीचे सड लोंबलेले आणि मोठे असतात, आजूबाजूचे केस विरळ झालेले असतात, पिल्लांच्या नखांचे ओरखडेही दिसतात. पोट घट्ट आणि सड बारीक असतील तर ती या पिल्लांची आई नाही. आई थोडी बारीक झालेली चालते, पण बरगड्या मोजता येतील इतकी खंगलेली, कोपरांवर जाड घट्टे पडलेली, माणूस जवळ येताच कोपऱ्यात दबणारी मादी दिसली तर समजा की ती वर्षानुवर्षं पिंजऱ्यात आहे. ब्रीडरकडे ती शेपूट हलवत जाते का, हे नक्की बघा.

बाप तिथे नसणं मात्र संशयास्पद नाही. चांगले ब्रीडर मेटिंगसाठी बाहेरचा नर निवडतात. त्याचा नोंदणी क्रमांक आणि मालकाचं नाव मागा.

"आई गावाला पाठवलीय", "सोसायटी बाहेरच्यांना सोडत नाही", "घोडबंदरला पार्किंगमध्ये आणून देतो" असं सांगितलं तर?

तिथेच थांबा. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत आई त्यांच्याजवळच असायला हवी, मग ती गावाला कशी जाईल? अशी उत्तरं देणारा बहुतेक वेळा ब्रीडर नसतोच. तो दलाल असतो. दोन-तीन ठिकाणांहून पिल्लं उचलून एकत्र ठेवतो, आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू, पसरायला एवढं पुरतं.

एक सबब मात्र खरी असू शकते: "लस पूर्ण नाही, संसर्गाच्या भीतीने कुणाला आत घेत नाही." काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. चपला बाहेर काढा, हातपाय साबणाने धुवा, धुतलेले कपडे घालून जा, त्याच दिवशी दुसऱ्या ब्रीडरकडे जाऊन आलेलं नसा. खरा ब्रीडर या अटी घालून तुम्हाला बोलावतो. व्हिडिओ कॉल पहिल्या चाळणीपुरता ठीक आहे, तेवढ्यावर पैसे देऊ नका.

ब्रीडरवर कायद्याने काय बंधनं आहेत?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्राने २०१७ मध्ये श्वान प्रजनन व विक्रीचे नियम केले. त्यानुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय प्रजनन आणि विक्रीचा व्यवसाय करता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची पिल्लं काढायची नाहीत. वर्षात एकदाच आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा. आठ वर्षांनंतर नाही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप) हवी, प्रत्येक कुत्र्याच्या नोंदी हव्यात, आणि खरेदीदाराला आहार, लसी, जंताच्या औषधाच्या तारखा व पशुवैद्याचं नाव लेखी द्यायचं. पेट शॉपसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. तिथेही नोंदणी आणि आठ आठवड्यांची अट आहेच.

वर्षात एकच वेत का, याचा हिशेब समजून घ्या. मादी साधारण दर सहा-सात महिन्यांनी हीटवर (माजावर) येते, गर्भ सुमारे ६३ दिवसांचा, त्यानंतर आठ आठवडे दूध आणि सांभाळ. लागोपाठच्या प्रत्येक हीटला मेटिंग केलं तर तिच्या शरीराला भरून यायला जेमतेम दोन-तीन महिने उरतात. म्हणून एक प्रश्न जरूर विचारा: "हिचं मागचं वेत कधीचं?" उत्तर आणि कागद जुळतात का ते पाहा.

"आमच्याकडे गुमास्ता आहे, जीएसटी आहे, क्लबची मेंबरशिप आहे." एवढं पुरेसं आहे का?

नाही. गुमास्ता दुकानाचा, जीएसटी कराचा आणि मेंबरशिप क्लबची. २०१७ च्या नियमांखालची नोंदणी स्वतंत्र असते आणि तिची मुदत दोन वर्षांची. प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरचं नाव आणि पत्ता तुम्ही उभे आहात त्याच जागेचा आहे का ते बघा, मुदत तपासा. शंका वाटली तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात किंवा पुण्यात औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयात लेखी विचारणा करता येते.

केसीआय पेपर म्हणजे पिल्लू निरोगी असल्याची हमी का?

मुळीच नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे चेन्नईचा केसीआय, वंशावळीची नोंद ठेवतो: आई कोण, बाप कोण, मागच्या पिढ्या कोणत्या. नोंद ब्रीडरने दिलेल्या माहितीवर होते. त्या कागदावरून पिल्लाचं हृदय, खुबा, डोळे कसे आहेत हे कळत नाही.

तरीही पेपरला किंमत आहे, कारण त्यातून ब्रीडर एका लेखी विधानाला बांधला जातो. पेपर पुढे खोटे निघाले तर तुमच्या हातात पुरावा असतो. तीन गोष्टी पडताळा. पेपरवरचा मायक्रोचिप क्रमांक पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळायला हवा. चिप खांद्यांच्या मध्ये असते, क्रमांक १५ अंकी असतो, आणि स्कॅनर अनेक पशुवैद्यांकडे मिळतो. आईबापांचे नोंदणी क्रमांक आधीच लिहून घ्या. आणि मालकी हस्तांतराच्या फॉर्मवर ब्रीडरची सही पैसे देतानाच घ्या. "पेपर महिन्याभरात कुरियर करतो" हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतं.

पेपर नको असतील तर पाच-दहा हजार कमी करतो म्हणाला. घ्यावं का?

नोंदणीचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. मग एवढी सूट कशाची? बहुतेक वेळा त्या वेताची नोंदणी होऊच शकत नसते: आई नोंदलेली नाही, वय बसत नाही, किंवा जातच मिश्र आहे. मिश्र जातीच्या पिल्लात वाईट काही नाही, पण मग जातिवंत कुत्र्याचे पैसे घेऊ नयेत.

पिल्लू खरंच दोन महिन्यांचं आहे का, हे घरच्या घरी कसं कळेल?

तोंड उघडून बघा. सुळे साधारण तिसऱ्या आठवड्यात फुटतात, समोरचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दाढा त्यानंतर. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे सगळे २८ दात बहुधा आलेले असतात. लहान जातींत काही दात थोडे उशिरा येतात. समोरचे दात अर्धवट फुटलेले, मागे नुसत्या हिरड्या आणि चाल डुगडुगती असेल तर ते पाच आठवड्यांच्या आतबाहेर आहे, विकणारा काहीही म्हणो.

लवकर विकण्यामागे सरळ पैशाचा हिशेब आहे. पाचव्या आठवड्यात पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं, खाणं-लस-जंताचं औषध यांचा पुढचा खर्च वाचतो, आणि ते विकणाऱ्याच्या घरी मरत नाही. पिल्लाचं मात्र दुहेरी नुकसान होतं. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास उतरत असते, लसीची अजून आलेली नसते. आणि भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकायचे नेमके हेच आठवडे असतात. पुढे "आमचं कुत्रं मुलांना चावतं" म्हणून येणाऱ्या पिल्लांमध्ये लवकर तोडलेली बरीच असतात.

"डबल बोन", "हेवी बोन", "टीकप", "पॉकेट", "इम्पोर्टेड लाइन" याचा अर्थ काय?

डबल बोन नावाचं हाड नसतं आणि तशी जातही नसते. जाडजूड दिसणाऱ्या पिल्लाला जास्त भाव मिळावा म्हणून बाजाराने काढलेला तो शब्द आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरमसाट खाऊ घालून, वर कॅल्शियमच्या बाटल्या पाजून तसं रूप आणलं जातं. त्याने सांधे बिघडतात.

टीकप किंवा पॉकेट ही कोणत्याही मान्यताप्राप्त क्लबने नोंदलेली जात नाही. वेतातल्या सगळ्यात अशक्त पिल्लांचं पुढे आपसात मेटिंग करून किंवा वय चोरून "टीकप" तयार होतात. अशा पिल्लांची रक्तातली साखर अचानक उतरते, डोक्यावरची टाळू उघडी राहते, हाडं सहज मोडतात.

"दुर्मीळ रंग" हाही असाच सापळा. फ्रेंच बुलडॉगच्या निळ्या रंगाबरोबर त्वचेचा आणि केस गळण्याचा विकार येऊ शकतो. ठिपक्याठिपक्यांचा मर्ल रंग आईबाप दोघांत असेल तर काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मतात. परदेशातून व्यापारी प्रजननासाठी कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध घातले. त्यामुळे "बाप इम्पोर्टेड" म्हणणाऱ्याकडे आयातीचे आणि परदेशी क्लबचे कागद मागा.

लसीचं कार्ड खरं आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रत्येक लसीसमोर कुपीवरचं सोललेलं स्टिकर असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत असते. शेजारी पशुवैद्याची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. पेनाने नुसतं "७ इन १ दिली" लिहिलेलं असेल तर लस दिलीच नाही असं धरून चाला. बऱ्याच वेळा विकणारा स्वतःच सुई टोचतो, आणि लस थंड ठेवलेली होती की नाही ते देवालाच ठाऊक. कार्डावरच्या डॉक्टरांना फोन करा. दोन मिनिटांचं काम आहे.

वेळापत्रक साधारण असं: जंताचं औषध दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, पार्व्हो आणि डिस्टेंपर (असाच दुसरा जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर, रेबीज तीन महिन्यांना. "सगळ्या लसी झाल्यात" असं दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणालं तर ते अशक्य आहे.

आईबापांच्या कोणत्या तपासण्या मागायच्या?

लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे. ते कुत्रं किमान वर्षाचं झाल्यावर काढतात आणि त्यांची प्रत दिली जाते. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या पद्धतीत खुब्याला ए ते ई अशी श्रेणी असते, ए आणि बी प्रजननाला ठीक. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्याच्या पडद्याच्या विकारासाठी डीएनए चाचणीही होते. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांच्यात आईबापांना थोडं चालवून त्यांचा श्वास ऐका. घरघर आणि धाप "जातीचीच सवय" म्हणून खपवली जाते, पण तो अडलेल्या श्वासमार्गाचा आवाज असतो. ठाण्याच्या मे महिन्यात अशी कुत्री उष्माघाताने दगावतात.

सगळ्या तपासण्या करणारे ब्रीडर आपल्याकडे थोडे आहेत. एकही न करणारा निदान ते कबूल करतो का, एवढं तरी बघा.

हस्की किंवा सेंट बर्नार्ड इथे ठेवता येईल का?

चोवीस तास एसी आणि पहाटे-रात्रीच फिरवणं जमणार असेल तरच. आमचं मत विचाराल तर घेऊ नका.

पावतीवर काय काय असायला हवं?

साधा कागद चालतो, पण दोघांच्या सह्या हव्यात. ब्रीडरचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. पिल्लाची जात, लिंग, रंग, जन्मतारीख, चिप क्रमांक. आईबापांची नोंदणीतली नावं. दिलेल्या लसी आणि तारखा. एकूण किंमत, टोकन किती, बाकी किती, कशाने दिली. पेपर मिळण्याची शेवटची तारीख, आणि न मिळाल्यास किती रक्कम परत. त्याखाली आरोग्याची अट: ७२ तासांत खरेदीदाराच्या पशुवैद्याने तपासून गंभीर दोष आढळल्यास पूर्ण पैसे परत, १४ दिवसांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर निदान झाल्यास उपचारखर्च किंवा पैसे परत, जन्मजात दोषासाठी वर्षभराची मुदत.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. आजारी पिल्लू निरोगी म्हणून विकलं असेल, तर अशा एकतर्फी ओळीने विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही.

पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्या. रोख दिलं तर दहा टक्के सूट, असं सांगतात. ती सूट म्हणजे तुमच्या पुराव्याची किंमत असते.

घरी आणल्यावर पहिले तीन दिवस काय करायचं?

७२ तासांच्या आत तुमच्या स्वतःच्या पशुवैद्याकडे न्या, ब्रीडरने सुचवलेल्या नाही. त्यांना लेखी तपासणी मागा: वजन, ताप (पिल्लाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस), हृदयाचा आवाज, टाळू, बेंबीचा हर्निया, नर असल्यास दोन्ही अंडकोष उतरलेत का, शीची तपासणी, चिप स्कॅन. गोचीड दिसली तर फोटो काढा. तिच्यातून येणारा ताप आठ ते वीस दिवसांनी उफाळतो.

ब्रीडर देत होता तेच खाणं आठवडाभर चालू ठेवा, मग सात दिवसांत हळूहळू बदला. नवीन घर, नवीन खाणं आणि आंघोळ एकाच दिवशी झाली की जुलाब होतात, आणि मग पार्व्हो की अपचन हे कुणालाच कळत नाही. लहान जातीचं पिल्लू दर तीन-चार तासांनी खायला हवं. ते अचानक लुळं पडलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. लसी पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या बागेत, रस्त्यावर, इतर कुत्र्यांजवळ नेऊ नका. हे पिल्लासाठी आहेच, पण पुढे वाद झाला तर "संसर्ग तुमच्याच आवारातून आला" हा ब्रीडरचा पहिला बचाव असतो.

चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. दोष कुणाचा?

आधी दवाखाना. पार्व्होत उपचारच मिळाले नाहीत तर दहातली नऊ पिल्लं मरू शकतात. वेळेवर सलाइन आणि देखभाल मिळाली तर बरीच वाचतात.

दोष ठरतो तो दिवसांच्या हिशेबाने. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, जास्तीत जास्त चौदा. रविवारी आणलेलं पिल्लू सोमवारी-मंगळवारी आजारी पडलं, तर संसर्ग विकणाऱ्याकडचाच असणार. चौथ्या ते चौदाव्या दिवसात वाद होऊ शकतो. तिथे घराबाहेर न नेल्याची नोंद, घरात आधी कुत्रं नसणं आणि त्याच वेतातली इतर पिल्लं आजारी असणं, हे निर्णायक ठरतं. म्हणून त्याच ब्रीडरच्या इतर खरेदीदारांना शोधा. दोन आठवड्यांनंतर पार्व्हो झाला तर ब्रीडरला जबाबदार धरणं अन्यायाचं आहे. डिस्टेंपरला मात्र एक ते चार आठवडेही लागू शकतात.

शीवरची झटपट चाचणी त्याच दिवशी करून घ्या, पट्टीचा फोटो तारखेसह ठेवा, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा अहवाल घ्या. लस देऊन चार-दहा दिवस झाले असतील तर पट्टी फिकट पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून दोन्ही अहवाल हवेत. ब्रीडरला लगेच व्हॉट्सॲपवर लेखी कळवा, फोनवर भांडू नका.

पिल्लू दगावलं. पुराव्यासाठी काय करायचं?

शवविच्छेदन. दुःखात हे सुचत नाही, पण त्याच दिवशी ठरवावं लागतं. मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत थंड ठेवा. गोठवू नका, पेशी फुटून तपासणी बिघडते. २४ तासांच्या आत न्या. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सगळ्यांना ठाऊक असलेलं ठिकाण आहे. आधी फोन करून वेळ आणि लागणारी कागदपत्रं विचारा. उपचार केलेल्या डॉक्टरांचं पत्र बरोबर घ्या आणि अहवालात चिप क्रमांक लिहायला सांगा, नाहीतर "हे माझं पिल्लूच नव्हे" असा बचाव येतो.

ब्रीडर म्हणतो, पैसे नाही, दुसरं पिल्लू देतो. चालेल?

पार्व्होने गेलं असेल तर लगेच तर मुळीच नको. विषाणू घरात कित्येक महिने जिवंत राहतो. फिनाइल, डेटॉल, सॅनिटायझर यांवर भरवसा ठेवू नका. आधी साबणाने घासून घाण काढा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिश्रण निदान दहा मिनिटं ओलं राहू द्या. गाद्या, कापडी खेळणी टाकून द्या. नवीन पिल्लू लसी पूर्ण झालेलंच आणा. आणि ते त्याच जागेतून येणार असेल तर तिथलाही विषाणू तसाच आहे. म्हणून पैसेच मागा.

पैसे परत मिळवण्याचा मार्ग कोणता?

आधी लेखी नोटीस. स्वतः लिहिली तरी चालते: काय घेतलं, काय सांगितलं होतं, काय निघालं, किती रक्कम हवी, पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पोच पावतीसह पाठवा आणि तीच व्हॉट्सॲप, ईमेलवरही. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते, पण ती समेटापुरतीच.

मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. ठाणे, डोंबिवली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात, आणि जिल्ह्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. खारघर, कामोठे, पनवेल नवी मुंबई म्हणून ओळखले जात असले तरी जिल्हा रायगड, म्हणजे अलिबाग. मात्र ब्रीडर ठाणे जिल्ह्यातला असेल तर खारघरच्या माणसालाही ठाण्याचा पर्याय आहे. अलिबागच्या खेपा टाळायच्या असतील तर हे ध्यानात ठेवा.

मागणीत पिल्लाची किंमत, उपचारखर्चाची बिलं, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळे लिहा. चॅट अख्खा एक्सपोर्ट करा, नुसते स्क्रीनशॉट नको. कापलेल्या स्क्रीनशॉटवर हमखास शंका घेतली जाते. पिल्लू प्रजननाच्या धंद्यासाठी घेतलं असेल तर तुम्ही "ग्राहक" ठरत नाही.

ऑनलाइन टोकन भरलं आणि नंबर बंद झाला.

१९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, व्यवहाराचा क्रमांक, जाहिरात आणि नंबर जोडा. "विमानतळावर पिल्लू अडकलंय, विम्याचे पैसे भरा" असा दुसरा फोन येतो. त्याला एक रुपयाही देऊ नका. प्रत्यक्ष पिल्लू दाखवून जाणूनबुजून खोटे पेपर दिले असतील तर स्थानिक पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होते.

शेजारच्या फ्लॅटमध्ये पिंजऱ्यांत कुत्री ठेवून ब्रीडिंग चालतं. तक्रार कुठे?

सोसायटीच्या सभेत आरडाओरडा करण्याआधी नोंदी जमवा: तारखा, वास आणि आवाजाच्या वेळा, जिन्यातून दिसणारे पिंजरे, ऑनलाइन जाहिराती, त्यांतला फोन नंबर. परवानगीशिवाय घरात शिरू नका. मग एकाच वेळी लेखी अर्ज द्या: राज्य प्राणी कल्याण मंडळ, जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय, जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती, महापालिका आणि पोलीस ठाणे. प्रत्येकाची पोच घ्या. अर्जात दोन गोष्टी वेगळ्या लिहा: नोंदणीशिवाय प्रजनन, आणि १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खालची क्रूरता, म्हणजे हालचाल करता येणार नाही असा पिंजरा, अन्नपाण्याची हेळसांड, कान-शेपूट कापणं.

कलम ११ चा पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. हे लाजिरवाणं आहे. म्हणूनच जनावर जायबंदी केलं किंवा मारलं असेल तर न्याय संहितेचं कलम ३२५ अर्जात लिहाच, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि छापा पडण्याआधी कुत्री कुठे हलवायची, याची जागा प्राणीमित्र संस्थेशी बोलून ठरवा. ती नसेल तर जप्त कुत्री पुन्हा त्याच मालकाच्या ताब्यात जाण्याची भीती असते.

सोशल मीडियावर ब्रीडरचं नाव टाकू का?

घडलेलं तारखेसह, कागदाने सिद्ध होईल तेवढंच लिहा. "चोर", "खुनी" असले शब्द वापरलेत की बदनामीचा दावा तुमच्यावर येतो आणि मूळ तक्रार मागे पडते. घरचा पत्ता, मुलांचे फोटो टाकू नका.

"पिल्लू स्वस्तात घ्या, पुढच्या वेतातली दोन मला" असा करार करावा का?

न केलेला बरा. मादी आजारी पडली, पिल्लं झालीच नाहीत, तुम्ही नसबंदी केली, की भांडण ठरलेलं. शिवाय दुसऱ्याच्या फायद्यासाठी तुमच्या कुत्रीला व्यायला लागतं. मेटिंगचे करारही तोंडी नकोत: नर-मादी दोघांची ब्रुसेल्लाची (मेटिंगमधून पसरणाऱ्या, गर्भपात घडवणाऱ्या जंतूची) चाचणी आधी, गर्भ न राहिल्यास एकदा पुन्हा मेटिंग, आणि स्टड फी (नराच्या मालकाला द्यायचे पैसे) की एक पिल्लू हे लिहून.

वाईट जागेतलं पिल्लू दयेपोटी विकत घेतलं तर त्याचा जीव तरी वाचेल ना?

त्या एकाचा वाचेल. पण तुमच्या पैशांवर त्याच आईचं पुढचं वेत काढलं जाईल. तिथून निघा, गाडीत बसून सगळं लिहून काढा आणि तक्रार द्या. कुत्रं हवंच असेल तर निवारा केंद्रांमध्ये ब्रीडरांनी वापरून सोडलेल्या पाच-सहा वर्षांच्या लॅब आणि पग माद्या घराची वाट बघत असतात. दत्तक घेतल्यावर पहिल्याच महिन्यात नसबंदी करा, कारण वारंवार व्यालेल्या मादीत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. सडांमध्ये गाठी आहेत का तेही तपासून घ्या.

पिल्लू नावावर कसं होतं?

चिपची नोंद आणि क्लबचे पेपर तुमच्या नावावर करून घ्या, रेबीजची लस झाली की महापालिकेचा श्वान परवाना काढा आणि दरवर्षी नूतनीकरण करा. उद्या कुत्रं हरवलं किंवा ब्रीडरने "ते माझंच आहे" म्हटलं, तर पोलीस आधी हे तीन कागद मागतात.